घर शेतात, मशीन गावात: शिलाईचा घरचा धंदा मराठवाड्यात हलवताना

पुण्यात भोसरी, हडपसर, चाकणच्या बाजूला दोन-चार मशीनवर कपडे शिवून विकणारी आपल्याकडची कुटुंबं भरपूर आहेत. गावी वडिलांच्या नावावर चार-पाच एकर रान असतं, म्हातारी माणसं थकलेली असतात आणि इकडं खोलीचं भाडं दरवर्षी वाढत जातं. मग कधीतरी घरात विषय निघतो, ‘हेच काम गावाकडं जाऊन का करू नये?’ करता येतं. आम्ही करतोय. लहान मुलींचे फ्रॉक, परकर-पोलकी आणि बायकांचे गाऊन असा आमचा माल. भोसरीहून लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या गावी आलो. विचारणाऱ्यांचे फोन सारखे येतात आणि प्रत्येकाला मी तेच सांगत बसते, म्हणून हे एकदाच लिहून काढलं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. राहायला खुशाल शेतात जा, पण मशीन गावठाणातल्या घरातच बसवा. शेतातल्या घरापुढं बाभळीच्या सावलीत मशीन चालतंय, हे चित्र डोळ्यांना छान वाटतं. धंद्याला ते परवडत नाही. वीज, वाट, कागद आणि कामाला येणाऱ्या बाया, चारही गोष्टी गावात मिळतात आणि शेतात अडतात.

१. जागा ठरवा, आणि जागेचा कागद बघा

शेतजमिनीवर शेतकऱ्याला राहण्यासाठी, गुरांसाठी, अवजारं आणि माल ठेवण्यासाठी बांधकाम करता येतं. जमीन महसूल कायद्यातली शेतघराची व्याख्या इथंच संपते. त्या घरात चार मशीन टाकून, बाहेरच्या बाया बसवून कपड्यांचं युनिट चालवलं तर तो शेतीबाह्य वापर झाला आणि त्याला अकृषिक (एनए) वापराचे नियम लागतात. ‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, आपोआप एनए होतं’ असं कुणीतरी सांगेल. ती तरतूद (कलम ४२-ड) रूपांतरण कर भरून निवासी वापरासाठी केलेली. ती आता तुमच्या गटाला लागू होते का आणि तुमच्या कामाला पुरते का, हे तहसीलमध्ये विचारून घ्या. पारावरच्या माहितीवर जाऊ नका.

त्यापेक्षा गावातलं जुनं घर उघडा. ग्रामपंचायतीत नमुना ८ च्या उताऱ्यावर ते कुणाच्या नावावर आहे ते बघा. बहुतेक घरांत ते अजून आजोबांच्याच नावावर निघतं. वारस नोंद करायची असेल तर हलण्याच्या आधी करा, कारण पुढं जीएसटीला, विजेला, बँकेला हाच उतारा लागणार आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही मिळते, ती काढून ठेवा.

मराठवाड्यात जमिनीच्या कागदांना निजामाच्या राज्याची शेपटी आहे. इथं कूळकायदासुद्धा १९५० चा हैदराबादचा, बाकी महाराष्ट्राचा नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे विकायला-हस्तांतराला सरकारी परवानगी लागणारी जमीन) असेल, किंवा जुन्या नोंदीत इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं निजामी इनाम), देवस्थान असं काही दिसलं, तर घर बांधण्याआधी किंवा जमीन तारण देण्याआधी तलाठ्याकडून फेरफार आणि जुनं खासरा पत्रक काढून घ्या आणि एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा. वडिलोपार्जित म्हणजे निर्धोक, असं काही नसतं.

घराकडंही नीट बघा. माळवदाचं (वर मातीचं सपाट छत असलेलं) घर उन्हाळ्यात थंड असतं, पण वरून माती झरते. पांढऱ्या पॉपलिनच्या ताक्यावर सकाळी बोट फिरवलं की बोटाला पिवळसर पूड लागते आणि शिवलेल्या फ्रॉकच्या चुण्यांत ती बसली की झटकून निघत नाही. मशीनच्या वर जाड कापडाचं छत ताणून बांधा. भिंतींना तडे असतील तर मात्र त्या खोलीत माणसं बसवूच नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडं इतके जीव गेले त्यात दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या जड माळवदांचा वाटा मोठा होता, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

पत्र्याची खोली असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथं कुणी बसू शकत नाही. आणि काळ्या मातीवर बांधलेल्या घराची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मशीनचा स्टँड वर्षातून दोनदा तरी लेव्हलला आणावा लागतो, नाहीतर मशीन हलतं आणि टाका वाकडा पडतो.

२. विजेचं गणित

शेतातल्या मोटारीच्या कनेक्शनवर शिलाई मशीन चालवायचा विचार मनातून काढून टाका. एक तर कृषी फीडरवर (शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) थ्री फेज वीज पाळीनं येते. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, असं चक्र आपल्याकडं वर्षानुवर्षं चाललंय. सौर कृषी वाहिनीमुळं काही गावांत आता दिवसा वीज मिळते, पण तिचेही तास ठरलेले. दुसरं म्हणजे शेतीच्या दरानं घेतलेली वीज धंद्याला वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी दुप्पट दरानं होते, आणि बिल मागच्या महिन्यांपासून धरून येतं.

गावठाण फीडरवरच्या घरगुती कनेक्शनवर काम सुरू करता येईल का, की वेगळं व्यावसायिक किंवा औद्योगिक कनेक्शन घ्यावं लागेल, हे तुमच्या भागातल्या महावितरणच्या शाखेत लेखी विचारा. मशीन किती आणि युनिट किती, यावर ते ठरतं.

मशीनला जुनी क्लच मोटार असेल तर ती इथं येण्याआधी विकून टाका. शिवत नसतानाही ती घुं घुं करत वीज खात बसते. सर्व्हो मोटार पाय दाबला तरच फिरते, बिल कमी येतं आणि इन्व्हर्टरवरही चालते. मात्र सर्व्होचं कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) नाजूक असतं. संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागले, गिरणी सुरू झाली की व्होल्टेज खाली येतं आणि मशीन एरर दाखवून थांबतं. वीज जाऊन परत येते तेव्हाचा झटका तर कार्डच घेऊन जातो. म्हणून स्टॅबिलायझर हवाच. इन्व्हर्टर घ्याल तो शुद्ध साइन वेव्हचा घ्या, स्वस्तातला चौकोनी वेव्हचा नको. इस्त्री कधीही इन्व्हर्टरवर लावू नका. १००० वॅटच्या वरची इस्त्री बॅटरी घटकेत रिकामी करते. इस्त्रीचं काम वीज असेल तेव्हा एकगठ्ठा उरका.

सोलरबद्दल सगळे विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतावरच्या ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. बिल कमी करायला ते चांगलं. पण त्यात बसवतात तो साधा ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) सेट लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. डोक्यावर ऊन रणरणतंय, छतावर पॅनल आहेत आणि मशीन बंद, असं घडू शकतं. लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड सेट लागतो, त्याची किंमत वेगळी. सोलरवाला हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

३. कागदपत्रं

आधी यादी देते. आधार (चालू मोबाइल नंबर जोडलेलं), पॅन, नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती, वीज बिल, घर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, रद्द केलेला चेक, पासपोर्ट फोटो, जागेचे आतून-बाहेरून फोटो. संमतीपत्रावर ज्याची सही, त्याच्याच आधारची प्रत जोडा. नमुना ८ वर ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्ता’ असेल तर फाइल परत येते.

मोबाइल नंबरचं आधी बघा. सगळ्या पोर्टलना ओटीपी लागतो आणि शेतात रेंज नसते. ज्या कंपनीचं नेटवर्क गावात चालतं त्यात नंबर पोर्ट करून घ्या, तोच नंबर राहतो.

*उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी).* आधीच नोंदणी असेल तर नवी काढायची नाही. त्याच पोर्टलवर जाऊन पत्ता बदलायचा. नोंदणीही फुकट आणि बदलही फुकट. तालुक्याला ‘उद्यम काढून देतो’ म्हणून पैसे घेणारे बसलेले असतात. फॉर्म भरायची मजुरी द्यायची असेल तर द्या, पण ती सरकारी फी नाही हे लक्षात ठेवा. फॉर्ममध्ये धंद्याचा एनआयसी कोड विचारतात: तयार कपड्यांसाठी १४१०१, मापानं शिवून देण्यासाठी १४१०५.

*जीएसटी.* मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातच, तर नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर एक जरी फ्रॉक विकला तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. ऑनलाइन दुकानांवर नोंदणीशिवाय विकायची मुभा १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण तीही राज्यातल्या राज्यात आणि पोर्टलवरून वेगळा नंबर घेऊनच. आम्ही लातूरवाले इथं फसतो, कारण बिदर, जहीराबाद, हैदराबाद आपल्याला जवळची वाटतात. बाजार जवळचा असला तरी राज्य दुसरं.

नोंदणी असेल तर मुख्य पत्ता बदलण्याचा अर्ज बदल झाल्यापासून १५ दिवसांत करायचा असतो. अधिकारी बघून मंजूर करतात, कधी जागा पाहायलाही येतात. तुमचा पुण्यातला कुणी माणूस, दीर-भाऊ, तिथून पार्सलचं बघणार असेल तर पुण्याचा पत्ता काढून टाकू नका. तो ‘अतिरिक्त जागा’ म्हणून ठेवा आणि गाव मुख्य जागा करा. ऑनलाइन दुकानांना माल उचलण्याचा पत्ता जीएसटीत नोंदलेलाच लागतो.

दर तर आता सोपे झाले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. आपला घरगुती माल बहुतेक ५ मध्येच बसतो.

*दुकाने अधिनियमाची सूचना.* लहान युनिटला परवाना नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. पावती छापून भिंतीला लावा.

*विश्वकर्मा.* शिंपीकाम पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत आहे. प्रशिक्षण, साधनांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, मग ५ टक्के व्याजानं आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच मिळतं, आणि गेल्या पाच वर्षांत मुद्रा किंवा पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती) योजनेचं कर्ज घेतलेलं असेल तर अडतं. अर्ज ग्रामपंचायतीकडून पडताळला जातो, म्हणून सरपंच-ग्रामसेवकांना भेटून ठेवा. ही योजना सुरू झाली १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनाला. त्यामुळं तारीख तरी विसरणार नाही.

लेबलं मात्र थांबून छापा. कपड्याच्या लेबलवर उत्पादकाचा पत्ता, एमआरपी, माप आणि तक्रारीचा नंबर जातो. जुन्या पत्त्याची लेबलं स्वस्त पडतात म्हणून हजारांनी छापली असतील तर ती संपवूनच निघा.

४. कधी हलायचं: पंचांग शेतकऱ्याचं धरा

इथं बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा थांबून वाचा. आपण शहरात शाळा आणि सण बघून काम ठरवत होतो. गावात तेच सण आहेत, पण त्याच वेळी रानही बोलावतं. शिवणाऱ्या बाया आणि खुरपणाऱ्या बाया वेगळ्या नसतात.

मृग लागला की पेरणी, मग जुलैभर खुरपणी. त्या दिवसांत रोजगार चांगला मिळतो, मशीनवर कुणी येत नाही आणि येण्याची अपेक्षाही धरू नये. आपल्याकडं शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे गणवेशाचं काम मार्च ते मेमध्ये संपलेलं हवं. बरं हे की उन्हाळ्यात रानात काम नसतं आणि बाया मोकळ्या असतात. फक्त वेळ सकाळची धरा, सात ते बारा. ऊन उतरल्यावर हवं तर पुन्हा दोन तास.

श्रावणात पंचमीला लेकी माहेरी येतात, तेव्हा मुलींचे फ्रॉक आणि परकर-पोलकी हातोहात जातात. पुढं पोळा, महालक्ष्म्या. इथपर्यंत ठीक चालतं. सगळ्यात मोठी टक्कर होते सप्टेंबरच्या शेवटापासून. तेव्हा सोयाबीन काढणीला येतं आणि पुण्यातले दुकानदार दिवाळीचा माल मागत असतात. ढग दिसले की अख्खं गाव रानात पळतं, कारण भिजलेल्या सोयाबीनला भाव नसतो. तुमची ऑर्डर कितीही मोठी असो, त्या आठवड्यात मशीन रिकामंच राहणार. उपाय एकच आहे: दिवाळीचं कटिंग जुलैमध्ये, शिलाई ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि ऑक्टोबरला फक्त काज-बटण, धागे कापणं, इस्त्री, घड्या. ते घरातली माणसं आणि शाळेतून आलेली पोरंही करू शकतात. याचा अर्थ दिवाळीच्या कापडात पैसे तीन महिने आधी अडकतात. तेवढं भांडवल वेगळं काढता येत नसेल तर पहिल्या वर्षी दिवाळीची मोठी ऑर्डर घेऊच नका. दुकानदार एकदा नाराज झालेला चालतो. वेळेवर माल न मिळालेला दुकानदार परत येत नाही.

मग हरभऱ्या-ज्वारीची पेरणी, पुढं तुरीची काढणी. मधेच वेळ अमावस्या येते. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळे रानात, कोपीपाशी, भज्जी आणि आंबिलावर. त्या दिवशी डिलिव्हरीची तारीख देऊ नका आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला कारण समजावत बसू नका. त्यालाच जेवायला बोलवा, ते सोपं.

अधिक महिना येतो त्या वर्षी वेगळा हिशेब धरा. धोंड्याच्या जेवणाला जावयाला-लेकीला कपडे करतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा. त्या महिन्यात लग्नं थांबतात, पण आहेराचं कापड जातं.

हे सगळं बघता हलण्याला बरा काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च. वाट कोरडी असते, गावात माणसं मोकळी होत असतात, मुलांची शाळा संपत आलेली असते आणि बसायला-रुळायला उन्हाळा मिळतो. पावसाळ्यात हलू नका. काळ्या रानातल्या पाणंदीत टेम्पो एकदा रुतला की ट्रॅक्टर आणावा लागतो, आणि तोही कधीकधी रुततो.

५. मशीन बांधणं

लॉकस्टिचच्या (सरळ टाक्याच्या मशीनच्या) खालच्या ट्रेमध्ये तेल असतं. ते आधी काढून टाका, ट्रे पुसा, हेड उचलून वेगळं पोत्यात गुंडाळा. तसंच टेम्पोत टाकलं तर शेजारच्या ताक्यांना तेल लागतं, आणि मशीनच्या तेलाचा जुना डाग सहजी जात नाही. टेबल, स्टँड, मोटार वेगळी. मोटारीच्या वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

ओव्हरलॉकचे (कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनचे) दोरे कोनापाशी कापा, मशीनमधला दोरा तसाच ओवलेला राहू द्या आणि टोकं चिकटपट्टीनं बांधा. गावी आल्यावर नव्या कोनाचा दोरा जुन्या टोकाला गाठ मारून हळूच ओढला की सगळे लूपर (खालून दोरा गुंफणारे आकडे) आपोआप ओवले जातात. नाहीतर पहिल्याच दिवशी चष्मा पुसत लूपर शोधत बसावं लागतं.

सुटे भाग बरोबर आणा: दोन्ही जातींच्या सुया (डीबी आणि डीसी, १४ आणि १६ नंबर), बॉबिन, दोन बॉबिन केस, प्रेशर फूट, लूपर, बेल्ट, मशीन तेल, फ्यूज. पुण्यात पाच मिनिटांवर मिळणाऱ्या वस्तूसाठी इथं लातूरची फेरी पडते आणि दिवस जातो. लातूरचा एक चांगला मेकॅनिक आधीच गाठून ठेवा. व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकून दुरुस्ती सांगणारा मिळाला तर त्याला दिवाळीला कपडे शिवून द्या.

तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल आणि तयार माल व कापड मिळून एका गाडीत लाखाच्या वर किंमत असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) काढा, आणि डिलिव्हरी चलन बरोबर ठेवा. विक्री नसली तरी लागतं. पुढं गावातल्या बायांना किंवा शेजारच्या गावात जॉबवर्कला (मजुरीवर शिवायला) कापड-कपडे पाठवताना ५० किलोमीटरच्या आत राज्यातल्या राज्यात सूट आहे.

६. कापड सांभाळणं

उंदीर. सोयाबीनची खळी झाली की रानातले उंदीर घरात येतात आणि ताक्याच्या मधोमध पोकळीत घर करतात. बाहेरून काही दिसत नाही. उलगडला की प्रत्येक वेढ्यावर एक भोक, आणि ते भोक बरोबर एका रेषेत वीस ठिकाणी. लोखंडी रॅक भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, ताके जमिनीला टेकवू नका, आणि कापडाच्या खोलीत धान्याचं पोतं कधीच ठेवू नका. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर लहान मुलांच्या कपड्यांना वास राहतो, गिऱ्हाईक नाव ठेवतं. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरेसा, पण तो महिन्याला बदलला पाहिजे. वाळवीसाठी रॅकच्या पायांकडं लक्ष ठेवा.

बोअरचं पाणी स्टीम इस्त्रीत घालू नका. आमच्याकडचं पाणी जड. आधी काही कळत नाही, मग एक दिवस वाफेबरोबर पांढरट-पिवळे थेंब कपड्यावर पडतात आणि इस्त्री फिरवताच तिथंच बसतात. गावात आरओच्या जारचं पाणी मिळतं, इस्त्रीपुरतं तेच वापरा.

७. बाया, मजुरी आणि मान

नगावर मजुरी ठरवा, पण आधी एक नग स्वतः शिवून, घड्याळ लावून बघा. त्यावरून निघणारा दिवसाचा पैसा खुरपणीच्या रोजाच्या जवळपास तरी आला पाहिजे. सावलीतलं काम आहे म्हणून थोडं कमी चालतं, फार कमी चालत नाही. पैसे आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात द्या. महिन्याचा हिशेब इथं कुणाला सोसत नाही. उचल मागितली जाईल, लग्नाला, दवाखान्याला. देऊ नका असं मी म्हणणार नाही, गावात तसं राहता येत नाही. दिलेली रक्कम वहीत लिहा आणि सही किंवा अंगठा घ्या, ती भावजय लागत असली तरी. भावजय असेल तर आधी घ्या.

शिवता येतं म्हणणाऱ्या बहुतेक बायांचा हात ब्लाऊजवर बसलेला असतो. फ्रॉकचं काम तुकड्यांत वाटा. एकीकडं बाही, एकीकडं चुण्या, एकीकडं खालची पट्टी. सरळ टाका आला की लगेच कामाला लागता येतं. उमेद या सरकारी अभियानाच्या बचतगटातल्या बायांनी शिवणाचं प्रशिक्षण घेतलेलं असतं, त्यांच्या ग्रामसंघात जाऊन विचारा. कटिंग मात्र घरच्याच माणसाच्या हातात ठेवा. फर्मा (कापायचा नमुना) बाहेर गेला की तोच फ्रॉक पुढच्या बाजारात दुसऱ्याच्या गाड्यावर दिसतो.

८. माल आणणं, माल पाठवणं

कापडासाठी पुणं सोडलं म्हणून अडत नाही. सोलापूर जवळ आहे, गणवेशाचं कापड आणि तयार गणवेश दोन्हींचं ते मोठं ठिकाण. सुती-पॉपलिनला इचलकरंजी, साड्या-सिंथेटिकला सुरत. एकदा स्वतः जाऊन ओळख करून या, नंतर फोनवर नमुना बघून ट्रान्सपोर्टनं माल येतो. गाठोडं लातूरला किंवा तालुक्याला उतरतं, गावापर्यंत नाही. तिथून आणायचा खर्च नगात धरा.

पाठवताना दोन वाटा ठेवा. पुण्याच्या दुकानदारांचा माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं किंवा एसटी पार्सलनं जातो, सकाळी तिथला तुमचा माणूस उतरवून घेतो. सुट्या ऑनलाइन ऑर्डर स्पीड पोस्टनं. खासगी कुरिअरवाले गावाच्या पिनकोडवर उचलायला येतील का, हे हलण्याआधी तपासा. एक पिनकोड कित्येक गावांचा असतो. ‘सेवा आहे’ असं दिसलं तरी प्रत्यक्षात तालुक्याच्या ऑफिसात नेऊन द्यावं लागतं. आठवड्यातून दोन वार ठरवा आणि तेच गिऱ्हाइकाला सांगा. रोज पाठवतो म्हणालात तर पेट्रोलच पुरणार नाही.

९. गावात विकायचं का?

थोडं. फॉल-पिको, ब्लाऊज, शाळेचा एखादा गणवेश, एवढंच. गावात उधारी रोखून धरता येत नाही. ‘सोयाबीन गेलं की देते’, मग ‘तूर निघू दे’. देतात, बुडवत नाहीत सहसा, पण तुमच्या कापडवाल्याला तुरीपर्यंत थांबायला सांगता येत नाही. घरचा खर्च गावच्या शिलाईवर आणि कापडाचा पैसा शहरच्या मालावर, अशा दोन वह्या वेगळ्या ठेवा.

१०. शहरातलं आवरणं

खोली लगेच सोडू नका. निदान एक दिवाळी जाऊ द्या. परत आलेला ऑनलाइन माल बराच काळ जुन्याच पत्त्यावर येत राहतो, म्हणून ऑनलाइन दुकानांत परतीचा पत्ता वेगळा बदलावा लागतो. माल उचलण्याचा पत्ता बदलला म्हणजे परतीचा आपोआप बदलत नाही. खोली सोडायच्या दिवशी मीटरचा फोटो, घरमालकाकडून अनामत मिळाल्याची नोंद आणि भाडेकराराची मूळ प्रत जवळ घ्या. जीएसटीतली ती अतिरिक्त जागा कमी करण्याचा अर्ज त्यानंतरच करा. तोवर तिथल्या पत्त्यावर निघालेली बिलं आणि चलनं एका फाइलला लावून ठेवा, आणि ती फाइल गावच्या घरात उंदरांपासून उंच ठेवा.